हजूर साहिबचे भाडेकरू

३ फेब्रुवारी २००८, रविवार. एटोबिको

बेसमेंट गेलं एकदाचं भाड्याने. जाहिरात लेकीने, जाईने दिली, तीही विनिपेगला बसून. माणसंही तिनेच फोनवर ठरवली. आज ती दारात सामानासकट उभी राहिली तेव्हा मला कळलं की सरदार आहेत. हे असते तर अशी वेळच आली नसती. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, एवढ्या घरात एकटी बाई किती दिवस राहणार, म्हणून भाडेकरू. आणि मनातलं बोलायला कोणी नाही म्हणून आजपासून ही डायरी.

चौघं आहेत. प्रतापसिंग, चाळिशीचा, विमानतळावर सामान चढवायचं काम करतो. त्याची बायको राजिंदर कुठल्याशा बिस्किटांच्या फॅक्टरीत. मुलगा तेजपाल दहावी-अकरावीत, डोक्याला काळा पटका, कमरेला किरपाण. आणि प्रतापसिंगाची आई सतवंत कौर. म्हातारी म्हणतेय खरी, पण माझ्याहून फार तर पाच-सात वर्षांनी मोठी असेल.

मी हिंदीत विचारलं, "कहाँ के हो आप लोग?"

प्रतापसिंग म्हणाला, "हजूर साहिब के, आंटीजी."

असेल अमृतसरच्या आसपास कुठेतरी. तेवढ्यात जाईचा फोन आला, पोचले का विचारायला. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "पोचले गं, चार सरदार, किरपाणीसकट. दुपारचे बारा वाजले की काय होतंय ते बघायचं आता." जाई तिकडून ओरडली, "आई! दे आर स्टँडिंग राइट देअर!" म्हटलं, उभे असू देत, मराठी कुठे कळतंय त्यांना?

म्हातारी माझ्याकडे बघून हसत काहीतरी बोलायच्या बेतात होती. ती एकदम गप्प झाली. प्रतापसिंगाने खाली बघून बॅग उचलली. माणसं जरा घुमीच दिसतात.

१९ फेब्रुवारी

रात्रभर बर्फ. सकाळी शोव्हल घेऊन बाहेर गेले तर ड्राइव्ह-वे स्वच्छ! प्रतापसिंगाने कामाला जाण्यापूर्वीच शोव्हल केला होता, माझ्या गाडीची काचसुद्धा खरवडून ठेवली होती. नॉर्थ यॉर्कच्या नीरजाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "नशीबवान आहेस." मला तसं वाटत नाही. या देशात मी १९७४ पासून आहे. फुकट कोणी कोणाचं काही करत नाही. एवढं लोणी लावतोय म्हणजे पुढे काहीतरी मागणार.

दुसरी गोष्ट. खालून लसूण-शेंगदाण्याच्या ठेच्याचा वास येतो. पंजाबी लोक ठेचा कधीपासून करायला लागले? मी जाऊन आधी माझी बरणी बघितली. होती तेवढीच होती.

आणि त्यांचं ते पंजाबी! आपल्या कॉलनीतल्या बलजीतसारखं नाहीच. "नक्को", "कायकू", "हौ" असं काहीतरी चाललेलं असतं. कोणाला कळू नये म्हणून मुद्दाम बोलत असतील.

२३ मार्च, रविवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर तारीख माहीत असावी.

खाली पाच-सहा पगडीवाले आले होते. लाँड्री रूम खालीच असल्यामुळे मला जावं लागतं. त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. जमिनीवर पांढरी चादर, त्यावर तलवारी! चांगल्या तीन. एकजण तेल लावून पुसत होता, म्हातारी तलवारींना गंध लावत होती, मग निरांजन घेऊन ओवाळलंसुद्धा. शिखांमध्ये आरती असते हे मी जन्मात ऐकलं नाही. पंजाब्यांच्या लग्नांना काय कमी गेले आहे?

मला बघून प्रतापसिंग उठला, हात जोडून म्हणाला, "आंटीजी, आइए, परशाद लीजिए." मी कपडे घेऊन वर आले.

वर आले तरी कान खालीच. "दो हजार आठ", "अक्तूबर", "तीन सौ साल", "सब को जाना है", "इंतजाम". हे शब्द स्पष्ट ऐकले. ऑक्टोबरमध्ये काय आहे? कसला इंतजाम?

नीरजा म्हणते, "काहीतरी सण असेल त्यांचा." हिला सगळं सणच वाटतं.

२१ मे

शाळेतून तेजपाल पोलिसांच्या गाडीतून आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पटका सुटून गळ्यात आलेला, केस मोकळे, शर्टाची बाही फाटलेली. आमच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी! पलीकडच्या मिसेस मॅकअलिस्टर पडदा सारून बघत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी प्रतापसिंग स्वतःच सांगायला आला. शाळेत तीन पोरांनी पटका ओढला, याने एकाला ढकललं, तो लॉकरवर आपटला, कोणीतरी किरपाणीचं नाव काढलं आणि पोलीस आले. "उसने निकाली नहीं थी, आंटीजी. हाथ भी नहीं लगाया." मी "अच्छा, अच्छा" म्हटलं. प्रत्येक बाप हेच सांगतो. एका हाताने टाळी वाजत नाही.

नंतर खाली बापलेकांचं वाजलं. पोरगा इंग्लिशमध्ये ओरडत होता, "यू डोन्ट हॅव टू वेअर इट टू जिम क्लास, डॅड!" आणि बाप एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. आमच्या जाईचं आणि ह्यांचं असंच चालायचं, फक्त ते कुंकवावरून, नाहीतर डेटवरून. शेवटी म्हातारीचा आवाज आला आणि सगळे गप्प झाले.

२३ जून, सोमवार

आज लिहिणार नव्हते.

माझी मैत्रीण मृणालिनी आणि तिची दोन मुलं १९८५ साली याच दिवशी बॉम्बने समुद्रात पडलेल्या त्या विमानात होती. मुलं पहिल्यांदाच आजोळी निघाली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे जेवून गेली, माझ्याकडून वेलदोड्याची पुडी घेऊन गेली, कारण तिच्या आईला तिकडचे वेलदोडे आवडत नसत. जाई तेव्हा लहान होती. मृणालिनीची मुलगी आणि ती रडल्या, कारण सुट्टीभर भेट नव्हती. मी म्हटलं होतं, येतील गं महिन्यात परत.

गेल्या वर्षी हंबर बेला तळ्याकाठी भिंत बांधली आहे, त्यावर सगळ्यांची नावं आहेत. मी फुलं घेऊन निघाले तेव्हा प्रतापसिंग गाडी पुसत होता. "कहाँ जाना है, आंटीजी? मैं छोड़ देता हूँ." त्याच्या गाडीतून, त्या जागी! माझ्या अंगावर काटा आला. नको म्हटलं आणि दोन बस बदलून गेले.

परत आले तर म्हातारी मागच्या पायरीवर बसली होती. माझे डोळे बघून उठली आणि माझा हात हातात घेतला. मी हात काढून घेतला. त्यांनी काही केलं असं मी म्हणत नाही. पण केलं ते त्यांच्यातल्याच लोकांनी ना? आणि माझं माणूस मात्र पाण्याच्या तळाशी गेलं. मला एवढं तरी वाटायचा हक्क आहे.

१५ जुलै

आज एक गृहस्थ आले. निळं ब्लेझर, अदबशीर, बिल्ला दाखवला. प्रतापसिंगाने विमानतळाच्या आतल्या पाससाठी अप्लाय केलंय, त्याच्या चौकशीला आले होते. पास मिळाला की पक्की नोकरी, थेट विमानापर्यंत जायला परवानगी. नाही मिळाला तर हातातलं तात्पुरतं कामही जाणार. हे मला प्रतापसिंगाने मागेच सांगितलं होतं. घरातले सगळेच त्या पासकडे डोळे लावून बसलेत.

मी चहा केला, चिवडा दिला. त्यांनी विचारलं, लोक येतात का? येतात म्हटलं. काय बोलतात? मी ऐकलं ते सांगितलं: ऑक्टोबर, इंतजाम, सगळ्यांना जायचंय. काही विचित्र पाहिलंत? तलवारी म्हटलं, तीन, तेल लावून. मुलगा? त्याला पोलीस घरी सोडून गेले होते. "वुड यू से यू फील सेफ, मॅडम?" मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हटलं, "आय ॲम अ विडो. आय लिव्ह अलोन."

सगळं ते लिहून घेत होते. जाताना कार्ड दिलं. चिवडा फार आवडला म्हणाले.

मी एक अक्षर खोटं बोललेले नाही. पाहिलं ते सांगितलं. विमानाचा प्रश्न आहे. त्या वेळी कोणी तरी असं सांगितलं असतं तर मृणालिनी आज आजी झाली असती.

१६ जुलै

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं म्हणून नीरजाला फोन लावला. कॉर्डलेस कानाला लावूनच लाँड्रीला खाली गेले. म्हातारी तिथे होतीच. मी कपडे ड्रायरमधून काढले की ती न सांगता घड्या घालायला घेते, सवयच आहे तिची. मी नीरजाला सगळं साद्यंत सांगितलं: तो साहेब, त्याचे प्रश्न, मी काय काय सांगितलं ते. म्हटलं, "पासचं काही खरं नाही आता ह्यांचं. आणि बरंच आहे बाई, उगाच विमानापर्यंत कशाला यांना जाऊ द्यायचं?"

नीरजाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरुणा, तू हे बरं नाही केलंस." म्हटलं, तुझ्या घरात नाहीयेत ना, म्हणून सुचतंय.

फोन ठेवून बघते तर म्हातारी निघून गेलेली. माझी चादर अर्धी घडी घालून तशीच ड्रायरवर ठेवली होती. वयाने विसरत असतील मधेच.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटे नीरजाच्या भागात प्रोपेनचं गोदाम उडालं. आवाज म्हणे मैलोगणती गेला. माझी खिडकी थरथरली तेव्हा डोळे उघडायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलंय: मला वाटलं, खालच्यांनी काहीतरी केलं.

सकाळी नीरजाचा फोन. खिडक्या फुटल्या, पोलिसांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं, ती नाइटीवर कोट घालून एका शाळेच्या पार्किंगमध्ये उभी. मला हायवेवर गाडी चालवायची भीती, त्यात रस्ते बंद. काय करावं कळेना. प्रतापसिंगाने माझा आवाज ऐकला असावा. चावी घेऊनच वर आला, म्हणाला, "पता बताइए, आंटीजी."

नीरजा येतेय. तिच्यासाठी जाईची खोली काढून ठेवली आहे.

११ ऑगस्ट

कालचं आज लिहिते आहे, काल हात चालत नव्हता.

नीरजा गाडीतून उतरली ती हसतच. कपाळाला काच लागून बँडेज, नाइटी, पायांत दोन वेगळ्या चपला, आणि ही हसतेय! सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "अगं, तुझे सरदार तर आमच्याकडचे निघाले!"

झालं असं. गाडीत बसल्यावर ही स्वतःशीच मराठीत म्हणाली, अगं बाई, माझी बीपीची गोळी राहिली घरात. आणि प्रतापसिंग गाडी चालवता चालवता म्हणाला, "राहू द्या मावशी, वाटेत मेडिकलमधून घेऊ."

"हजूर साहिब म्हणजे नांदेड, अरुणा! गुरू गोविंदसिंगांचं स्थान! तू पुण्याची, तुला दौंडच्या पलीकडे काही माहीतच नाही. मी परभणीची, आमच्या शाळेची सहल जायची गुरुद्वाऱ्यात. पिढ्यान्‌पिढ्या आहेत ते तिथे. हा मराठी शाळेत शिकलाय, माझ्यापेक्षा चांगल्या कविता पाठ आहेत त्याला."

मी म्हटलं, तलवारी? ती म्हणाली, त्यांची रीत आहे, तिकडे शस्त्रांना गंध लावतात, ओवाळतात. आपण खंडेनवमीला काय करतो? तू नवऱ्याच्या ड्रिलला हळद-कुंकू लावायचीस की नाही? आणि ऑक्टोबर? ऑक्टोबरमध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षं पूर्ण होतात, जगभरातून लाखो लोक जमणार आहेत. पास मिळाला, पक्की नोकरी लागली, की म्हातारीला घेऊन जायचं म्हणत होता.

नीरजा मग खाली गेली आणि दोन तास वर आली नाही. मराठीत हसण्याचे आवाज येत होते. मी वर बसून आठवत होते की फेब्रुवारीपासून मी काय काय बोलले. बारा वाजल्याचं. घुमे म्हणाले होते का तोंडाने? बलजीतविषयी काहीतरी. आणि लाँड्रीतला तो फोन.

पण म्हातारीला कमी ऐकू येत असावं. मी हाक मारते तेव्हा कितीदा वळतही नाही.

१४ ऑगस्ट

नीरजा घरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्या माणसाला फोन कर." मी कार्डावरचा नंबर लावला. म्हटलं, माझा गैरसमज झाला होता, तो सण आहे, ते नांदेडचे आहेत, नांदेड इज इन माय स्टेट. तो फार गोड आवाजात म्हणाला, "थँक यू, मॅडम. वी हॅव युअर स्टेटमेंट." मी पुन्हा सांगायला लागले. तो पुन्हा थँक यू म्हणाला. पोलीस आले होते, ते फक्त मुलाला सोडायला, हेही सांगितलं. थँक यू.

नवल म्हणजे प्रतापसिंग माझ्याशी अजून हिंदीतच बोलतो. नीरजाशी फोनवर मराठीत, माझ्याशी हिंदीत. मी दोनदा मराठीत विचारलं, त्याने दोन्हीदा हिंदीत उत्तर दिलं. अदबीने दिलं, पण हिंदीत दिलं.

१२ सप्टेंबर

पास नाकारला.

प्रतापसिंग फर्नेसचा फिल्टर बदलायला आला होता, तेव्हा सांगितलं. कारण देत नाहीत, नुसतं सुरक्षा म्हणतात. हातातलं काम महिनाअखेर बंद. नांदेडचं जाणं रद्द. "तेजपाल की वजह से हुआ, आंटीजी. स्कूल का वो पुलिस वाला मामला. एक धक्का दिया उसने, और मेरी जिंदगी में लग गया." हातातला जुना फिल्टर इतका घट्ट धरला होता की त्याचा पुठ्ठा वाकला.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "चाय लोगे?"

फोन केला होता की मी. माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते मी केलं. आणि कशावरून माझ्यामुळेच? मुलाचं प्रकरण होतंच ना त्यांच्याकडे. दोन्ही मिळून झालं असेल. कदाचित तिसरंच काही असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

खाली कोणी कोणाशी बोलत नाही. तेजपालने केस कापले.

मी ग्रोसरी घेऊन येत होते, तो समोरून आला आणि मी ओळखलंच नाही. कान एकदम मोठे दिसत होते, मान पांढरी. मीच दचकले. म्हणाला, "हाय, आंटी. नो मोर ट्रबल फॉर एनीबडी नाऊ." एवढं बोलून निघून गेला. हसत म्हणाला, पण ते हसू नव्हतं.

राजिंदर फॅक्टरीतून आली आणि खाली जाऊन जे रडली ते मला वर बसून ऐकवेना. मी टीव्ही मोठा केला. प्रतापसिंगाचा आवाज अजिबात आला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी जाईला फोन केला. सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की खालच्या मुलाने बापाचं काम गेलं म्हणून केस कापले. जाई म्हणाली, "पुअर किड. ही थिंक्स इट्स हिज फॉल्ट?" मी हो म्हटलं. "इज इट?" मी म्हटलं, सिग्नल नीट येत नाहीये.

९ ऑक्टोबर, दसरा

दुपारी दारावर टकटक झाली. म्हातारी. सहा पायऱ्या चढून ती माझ्या दारात पहिल्यांदाच आली. हातात मेपलची पिवळी पानं.

"सोनं घ्या, बाई," म्हणाली. मराठीत. मी पानं घेतली, तिला खुर्ची दिली. तीच बोलली. आवाज अगदी साधा, भाजी निवडताना बोलावं तसा.

"नांदेडला आज हल्ला निघतो आमचा, मिरवणूक असते. घोडे असतात, लई गर्दी. तुम्ही पाह्यलं नसेल."

नाही म्हटलं.

"त्या दिवशी तुमच्या चादरीची घडी घालीत होते मी. तुम्ही फोनवर बोलत होता."

मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू…"

"मला ऐकू चांगलं येतंय, बाई. तुम्ही हाक मारता ती 'ए माताजी' अशी मारता, म्हणून वळत नाही."

माझे कान तापले. मी विचारलं, मुलाला सांगितलंत का?

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो वर आला असता. रागाचा आहे, ओरडला असता. मग पुन्हा पोलीस आले असते, आणि तुम्ही त्या माणसाला जे सांगितलं ते सगळं खरं झालं असतं. म्हणून गिळलं." ओढणी सारखी केली. "पहिल्या दिवशी आम्ही म्हणणार होतो, आम्हाला मराठी येतंय. तुम्ही आधीच बोललात. मग तुम्हाला लाज वाटेल म्हणून गप्प बसलो. प्रताप म्हणाला, राहू दे आई, हळूहळू कळेल त्यांना, आपली माणसं आहेत."

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं, पण यावेळी माझा हात धरला नाही.

"मला तुमच्याकडून काही नको," ती उठताना म्हणाली. "पास गेला, तो गेला. पण माझ्या नातवाला वाटतंय बापाचं त्यानं वाटोळं केलं, आणि बापालाबी तसंच वाटतंय. एका घरात दोघं एकमेकांचं तोंड चुकवायलेत. मी सांगितलं तर प्रताप म्हणेल नातवासाठी बोलते. तुमच्या तोंडून गेलंय, बाई. तुमच्याच तोंडून परत यायला पाहिजे."

११ ऑक्टोबर

दोनदा खालच्या दारापर्यंत जाऊन आले. काल धुवायच्या कपड्यांचं निमित्त तरी होतं, आज तेही नव्हतं.

त्यांनी घर सोडलं तर? सोडतीलच. जाईला कळलं तर? मिसेस मॅकअलिस्टरला? सगळ्यात आधी माझं स्वतःचंच काय होईल हे मनात येतं, हीच मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे. मृणालिनीचं नाव मी आता यात आणणार नाही. तिने असं कधी केलं नसतं.

१३ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

सांगितलं.

चौघं जेवत होते. मेथीची भाजी, भाकरी. राजिंदर माझ्यासाठी ताट घ्यायला उठली. मी म्हटलं उठू नकोस, मी उभी राहूनच बोलते. बसले असते तर माझ्याने बोलवलं नसतं. मराठीत सुरुवात केली, मग तेजपालला कळावं म्हणून इंग्लिशमध्ये. तो साहेब आला होता. तलवारींचं मी सांगितलं. ऑक्टोबरचं मी सांगितलं. पोलिसांच्या गाडीचंही मीच सांगितलं, आणि पोरांनी पटका ओढला होता हे मात्र सांगितलं नाही, माहीत असून. मला सेफ वाटतं का विचारलं तेव्हा मी हो म्हटलं नाही. "इट वॉज नॉट यू, बेटा. इट वॉज मी."

म्हातारी ताटाकडे बघत होती. राजिंदरने पदर तोंडाशी धरला.

तेजपालने माझ्याकडे बघितलंच नाही. तो बापाकडे बघत होता. "डॅड," म्हणाला, "इट वॉजन्ट मी." मग पुन्हा, लहान मुलासारखं, "डॅड, इट वॉजन्ट मी." प्रतापसिंगाने हात पुढे केला, उष्टाच, भाकरी लागलेला, आणि त्या कापलेल्या केसांवरून फिरवला. मुलगा टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. बाप हात काढेना.

मी म्हटलं, "मी उद्याच जाते त्यांच्या ऑफिसात. म्हणाल तिथे येते, म्हणाल ते लिहून देते, अपील करा तुम्ही, मी साक्ष देते."

तेव्हा त्याने मान वर केली. इतक्या महिन्यांत तो माझ्याशी मराठीत पहिल्यांदा बोलला.

"काकू, आता तुम्ही कुणाजवळ काही बोलू नका. वर जा."

मी वर आले.